शनिवारचा व्यायाम बुधवारी

मी शाळेत असताना शंभर मीटरच्या शर्यतीत दुसरा आलो होतो! धावणारे एकूण किती होते, हा खवचट प्रश्न माझी बायको विचारते. तुम्ही विचारू नका. मुद्दा एवढाच, की धावणं माझ्या रक्तात आहे. त्यामुळे यंदा भिंगरीच्या शाळेचा क्रीडादिन सहा-सात आठवड्यांवर आला, तेव्हा मी जेवताना जाहीरच करून टाकलं, "या वर्षी तीन पायांच्या शर्यतीत बाबा धावणार! आणि नुसता धावणार नाही, बक्षीस घेऊन येणार!"

भिंगरी म्हणजे आमची नऊ वर्षांची मुलगी. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. तीन पायांची शर्यत म्हणजे आई किंवा बापाचा एक पाय आणि पोराचा एक पाय रुमालानं एकत्र बांधायचा आणि जोडीनं पळत सुटायचं. गेल्या वर्षीही मी कबूल केलं होतं. पण नेमका ऑफिसात अडकलो, आणि पोचलो तेव्हा मैदानावर खुर्च्या गोळा करणं चाललं होतं. शेवटी भिंगरी खेळाच्या सरांबरोबर धावली आणि पहिली आली. पदक दाखवताना एवढंच म्हणाली, "बाबा, सरांचा पाय खूप जड होता." रडली असती, भांडली असती, तर परवडलं असतं. ती रडली नाही, आणि ते वर्षभर माझ्या मनात सलत होतं.

"तुला पळून किती वर्षं झाली?" बायकोनं विचारलं.

"पळणं सायकलसारखं असतं. एकदा आलं की विसरत नाही."

"सायकल तू विसरलायस," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर हजर! एका कोपऱ्यात सात-आठ म्हातारी माणसं गोल करून उभी होती. कुणी घोटे फिरवत होतं, कुणी गुडघे उचलत होतं, कुणी नुसतेच हात झुलवत होतं. मला त्यांची कीव आली. दहा मिनिटं घोटेच फिरवत बसले तर धावणार कधी? मी रेषेवर वाकलो, मनातल्या मनात शिट्टी वाजवली आणि सुटलो!

तीस पावलं मी वाऱ्यासारखा धावलो. एकतिसाव्या पावलाला कुणीतरी मागून माझ्या डाव्या पोटरीवर काठी हाणली. खाट्कन! मी एका पायावर गर्रकन वळलो. मागे एक आजोबा चालत येत होते. हातात काठी!

"काय हो आजोबा! सकाळी सकाळी माणसं मारत फिरता?"

"मी?" आजोबा जागीच थबकले.

"मग काय मी स्वतःला मारून घेतलं?"

"अहो, मी तुमच्यापासून पंधरा फूट लांब आहे. आणि काठी आहे तीन फुटांची."

"मग फेकून मारलीत!"

"फेकली असती तर आत्ता माझ्या हातात कशी असती?"

हा मुद्दा बिनतोड होता. पण मी असा सहजासहजी हार मानणारा नाही. तावातावानं दोन पावलं पुढे गेलो, म्हणजे जायला निघालो, आणि मटकन खाली बसलो. डावा पाय टेकेचना! घोटे फिरवणारी सगळी मंडळी भोवती जमली. आजोबांनी वाकून माझ्या पोटरीकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पोटरी गेली तुमची. उठा. आमच्या फिजिओबाई सातला दवाखाना उघडतात. माझा गुडघा त्याच बघतात."

ज्या काठीवर मी आरोप केला होता, तीच टेकत मी दवाखान्यात गेलो. आजोबा लंगडत मागून आले.

दवाखाना म्हणजे एक लांबट खोली होती. पडदे लावलेल्या तीन खाटा, भिंतीला मोठा आरसा, माणूस मावेल एवढा निळा चेंडू, आणि एका कोपऱ्यात लाकडाच्या तीन पायऱ्या. त्या पायऱ्या कुठेच जात नव्हत्या. नुसतं चढायचं आणि उतरायचं. फिजिओबाई पन्नाशीच्या, बाह्या दुमडलेल्या, बोटं अशी की त्यांनी हात लावला की नेमका दुखतं तिथंच लागतो.

"मागून कुणीतरी मारलं असं वाटलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न!

"बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"पोटरीचा स्नायू फाटला की सगळ्यांना असंच वाटतं. एक जण तर शेजाऱ्यावर तक्रार करायला निघाला होता."

मी हळूच आजोबांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

"आजोबा, माफ करा हं."

"चालायचंच. माझी पोटरी गेली होती, तेव्हा मी बायकोवर ओरडलो होतो. ते फार दिवस पुरलं."

बाईंनी पाय दाबला, वाकवला, मला दोनदा ओरडायला लावलं आणि निकाल दिला. "थोडा फाटलाय. पूर्ण नाही. सहा आठवडे."

"बाई, सहा आठवड्यांनी माझी शर्यत आहे!"

"मग एक दिवसही वाया घालवायचा नाही."

"चांगली रगडून मालिश केली तर लवकर बरं होईल?"

"आज रगडलीत तर दहा आठवडे."

मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आधी काही दिवस आराम, कापडात गुंडाळून बर्फ, पट्टी आणि पाय उशीवर. त्यानंतर हलक्या हालचाली. मग भिंतीला हात टेकवून दोन्ही टाचा उचलायच्या, आणि पुढे एकट्या डाव्या पायाची. "डाव्या पायावर उभं राहून पंचवीस वेळा टाच उचलता आली, न दुखता, की धावण्याचं बोलू. त्याआधी नाही. दुखायचं थांबलं म्हणजे स्नायू तयार झाला असं नसतं. बहुतेक लोक तिथंच फसतात." शेवटी त्यांनी एक तक्ता दिला. आडव्या ओळीत दिवस, उभ्या ओळीत व्यायाम, आणि केलेल्या व्यायामासमोर खूण करायला चौकोन.

तो तक्ता भिंगरीनं ताब्यात घेतला. फ्रीजवर चिकटवला, दोरीला पेन बांधून शेजारी लटकवलं आणि मला बजावलं, "बाबा, एकही चौकोन रिकामा राहता कामा नये."

पहिला आठवडा अतिशय यशस्वी झाला. उशीवर पाय ठेवून पडून राहणं हा व्यायाम मला जन्मतःच येत होता. दुखणंही थांबलं. घोळ झाला तो टाचा उचलण्यात. दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी पंधरा. टाच वर, टाच खाली, आणि समोर भिंत. आमच्या भिंतीत बघण्यासारखं काही नाही हो! तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी ऑफिसला उशीर होत होता, म्हणून म्हटलं, खूण आत्ता करू, व्यायाम संध्याकाळी करू. संध्याकाळी म्हटलं, उद्या दुप्पट करू. उद्या उजाडल्यावर म्हटलं, रविवारी निवांत सगळे उरकू. मी खोटं बोलतोय असं मला क्षणभरही वाटलं नाही. मी फक्त खुणा आगाऊ करत होतो.

"बाबानं एकही चुकवलेला नाही!" भिंगरी रात्री जेवताना आईला सांगायची. वर्गातही तिनं सांगितलं होतं. तिच्या बाकावरच्या मैत्रिणीचे बाबा दाढी करायचासुद्धा कंटाळा करतात, आणि आपले बाबा बघा! हे ऐकताना घास जरा अडकायचा. पण पाणी प्यायलं की जायचा खाली.

बाईही खूश झाल्या. पुढच्या भेटीत तक्ता बघून म्हणाल्या, "वा! आता एकट्या डाव्या पायानं करा. आणि हा पट्टा घ्या." हिरव्या रबराचा, ताणला की लांबणारा पट्टा होता तो. एक टोक कशाला तरी बांधायचं, दुसरं पावलात अडकवायचं आणि पाऊल दाबायचं. मी तो घरी नेला आणि खणात नीट ठेवला.

चौथ्या आठवड्यात, एका बुधवारी, मी तक्ता घेऊन ऐटीत बाईंसमोर बसलो. त्यांनी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचला.

"शनिवारी केलात व्यायाम?"

"म्हणजे काय! तिन्ही वेळा."

"एका पायावर जड गेला असेल."

"थोडा गेला. पण सोडला नाही!"

"आज बुधवार आहे."

"हो ना. म्हणजे मी गेल्या शनिवारी..."

"ही खूण येत्या शनिवारची आहे."

मग शेजारच्या पडद्यामागून खिंकाळल्यासारखा आवाज आला. आजोबांच्या गुडघ्याला शेक चालू होता. "हसताना गुडघा हलवू नका," बाईंनी पडद्याकडे बघून सांगितलं आणि मला आरशासमोर उभं केलं. "डावा पाय. उचला टाच."

एक. दोन. तीन. चौथ्या वेळी टाचेनं नुसता विचार केला.

"कागदावर साडेसहाशे झाल्यात," बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "मला फसवलंत त्याचं काही नाही. रोज चार जण फसवतात. पण स्नायूला कागद वाचता येत नाही. असे धावलात तर पुन्हा फाटणार. आजपासून तरी नेमून दिलंय तेवढं करा. तेवढंच. जास्त नाही."

त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या कानांपर्यंत पोचलंच नाही. डोक्यात एकच घण बसत होता. दोन आठवडे उरलेत! भिंगरी पुन्हा सरांबरोबर धावणार! बाकी राहिलेले सगळे व्यायाम भरून काढायचे, तेही ताबडतोब!

दुसऱ्याच दिवशी ऑफिसात मी चाकाची खुर्ची ढकलत जुन्या फायलींच्या खोलीत गेलो. तिथं दिवसभर कुणी फिरकत नाही. दार लावून घेतलं, पट्ट्याचं एक टोक दाराच्या मुठीला बांधलं, दुसरं डाव्या पावलात अडकवलं, खुर्ची मागे नेऊन पट्टा चांगला ताणला आणि सुरू केलं. दीडशेपर्यंत आलो असेन. आज मुख्य कार्यालयातून मॅडम तपासणीला येणार आहेत, हे मी साफ विसरलो होतो. आणि ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"आणि ही आमची फायलींची खोली," बाहेरून साहेबांचा आवाज आला. "इथं कशी अगदी शांतता असते बघा, मॅडम."

साहेबांनी दार ओढलं. आधी माझा पाय बाहेर आला, मग खुर्ची, मग मी! साहेब दचकून मागे सरकले, पण मूठ सोडायचं त्यांना सुचेना. ते जितके मागे जात होते, तितका मी त्यांच्या अंगावर चालून येत होतो. शेवटी मी मॅडमच्या बरोब्बर समोर जाऊन थांबलो.

मॅडमनी पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे. "यांना बांधून का ठेवलंय?"

"बांधून? छे छे, मॅडम! ते स्वतःच बांधून घेतात!" साहेब.

"पोटरीसाठी, मॅडम," मी.

"कामाच्या वेळात?"

साहेब तसा देवमाणूस. त्या क्षणी ते सरळ मला तोंडघशी पाडू शकले असते. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि मला वाचवायला म्हणून छाती पुढे काढून सांगितलं, "हा आमचा आरोग्य उपक्रम आहे! दिवसभर बसून पाय आखडतात ना. इथं सगळे करतात."

"सगळे?"

"सगळे! रोज!"

"छान. मग मला बघायचंय. आत्ता."

पाच मिनिटांत आम्ही सोळा जण आपापल्या कपाटाला हात टेकवून ओळीत उभे! पुढारी अर्थातच मी.

"हे आपण कधीपासून करतोय?" आवक-जावकवाले काका कुजबुजले.

"दोन मिनिटं झाली," मी म्हणालो. "टाचा उचला!"

मॅडम स्वतः मोजत होत्या. वीस झाले, तीस झाले. मी थांबायला लागलो की साहेब मॅडमच्या मागून हात जोडून दाखवायचे. चाळिसाव्याला आवक-जावकवाले काका कपाटासकट हलायला लागले. साठाव्याला मॅडमनी चपला काढल्या आणि त्याही सामील झाल्या! तपासणी उत्तम झाली. साहेबांचं तोंडभरून कौतुक झालं. आणि संध्याकाळी माझी डावी पोटरी टम्म फुगली.

"जास्त नाही, असं मी म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

"पुन्हा फाटली का हो?"

"नशीब, नाही फाटली. पण एका दिवसात पंधरा दिवसांचं काम करून घेतलंत तिच्याकडून. आता शर्यतीत धावणं विसरा. धावलात तर या वेळी पूर्ण फाटेल. मुलीला सांगून टाका."

"तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकेल ती."

"मी पोटरी बघते. तोंड तुमचं तुम्ही बघा."

दोन दिवस मला धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी फ्रीजसमोर उभा राहून मी भिंगरीला सगळं सांगितलं. तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं.

"सगळ्या खुणा खोट्या आहेत?" तिनं विचारलं.

"सगळ्या नाहीत गं. पहिल्या आठवड्याच्या तर सगळ्या खऱ्या आहेत."

"पहिल्या आठवड्यात नुसतं झोपायचं होतं."

"हो."

आणि ती रडली. गेल्या वर्षी रडली असती तर परवडलं असतं, असं मला वाटायचं ना? अजिबात परवडलं नाही! बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एरवी मला बोलायची एकही संधी न सोडणारी ती त्या दिवशी नुसती येऊन भिंगरीजवळ बसली. मला खरंच कुठे तोंड लपवावं ते कळेना.

थोड्या वेळानं भिंगरीनं बाहीला नाक पुसलं आणि माझा फोन उचलून थेट फिजिओबाईंना लावला.

"बाई, बाबा पळू शकत नाही ना? मग चालू शकतो का? ... किती? ... पायाला पाय बांधून? ... मी हळूच उचलीन ना त्याचा पाय! ... बरं. दहा मिनिटं. मी करून घेते." तिनं फोन ठेवला. "आपण चालायचं."

"अगं, शर्यतीत कुणी चालतं का?"

"पाय बांधायचे असा नियम आहे. पळायचं असा नाही. तुझा पाय दुखावला तेव्हाच मी सरांना विचारून ठेवलंय."

क्रीडादिनाची रजा साहेबांनी न मागताच दिली. "जा बाबा," म्हणाले, "तू खुर्चीत दिसलास की मला धडकी भरते."

शर्यतीच्या आधी दहा मिनिटं भिंगरीनं मला मैदानाच्या कडेला उभं करून सगळं करून घेतलं. सावकाश चालणं, गुडघे उचलणं, घोटे फिरवणं. बाकीचे बाप हाताची घडी घालून बघत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "यांची शर्यत संध्याकाळी आहे का?" मी मान खाली घालून दुसरा घोटा फिरवायला घेतला.

शिट्टी झाली! चौदा जोड्या धूळ उडवत सुटल्या. आम्ही चालायला लागलो. "बांधलेला, सुटा, बांधलेला, सुटा," भिंगरी ठेका धरत होती. वीसेक पावलं गेलो असू, तर पुढे एका जोडीचा पाय अडकला, तिच्यावर दुसरी धडकली, तिसरी त्या दोघींवर! मागून येणाऱ्या बाकीच्याही त्यातच! सगळा ढीग झाला! माझं रक्त उसळलं. फक्त एक जोडी पुढे! पोटरीही दुखत नव्हती! आत्ता नुसती मुसंडी मारली तर दुसरा नंबर कुठे जात नाही! मी नकळत पुढे वाकलो.

भिंगरीनं माझा शर्ट घट्ट धरला. "बाबा. चाल."

मी चाललो. ढिगातले लोक उठले, धावले, पोचले. बक्षिसं ठरलीसुद्धा. आम्ही मैदानाच्या मधोमध होतो. माइकवरून सूचना झाली, "पुढच्या शर्यतीसाठी मैदान मोकळं करावं." पुढची शर्यत बालवाडीची होती. पोतं घातलेली पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी टुणटुण उड्या मारत पुढे गेली. भिंगरीला त्याचं काहीच नव्हतं. ती बोलत होती. बाकावरची मैत्रीण आता दुसरीकडे बसते म्हणून, गणिताच्या बाई फळ्याकडे बघत हसतात म्हणून, आणि तिला अजून पोहायला भीती वाटते पण कुणाला सांगितलेलं नाही म्हणून. एवढं ती घरी महिन्याभरात बोलली नसेल. मी मध्येमध्ये "हो का?" एवढंच म्हणत होतो आणि पाय मोजत होतो.

शेवटची रेषा कधीच पुसली गेली होती. खेळाच्या सरांनी ती बुटानं पुन्हा ओढली आणि आम्ही ती ओलांडली. सर रुमाल सोडायला खाली बसले.

"शेवटचा नंबर आला गं. वाईट वाटलं?" मी विचारलं.

भिंगरीनं विचार केला. "नाही. सरांबरोबर पटकन संपली होती. बोलायलाच मिळालं नव्हतं."

लोकांदेखत मी तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, "पुढच्या वर्षी बघ! उद्यापासून रोज व्यायाम! एक दिवस चुकवणार नाही! पुढच्या वर्षी बाबा पळणार!"

तिनं माझ्याकडे अगदी फिजिओबाईंसारखं पाहिलं, आणि माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी आईला घेते. तू बघायला ये."

मी कबूल केलंय. बघायला जाणं मला जमेल असं वाटतं. दोन तास बाकावर बसायचं कसं, तेवढं फक्त बाईंना विचारून घेईन म्हणतो!